'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मधला कानात बोटं घालणारा मुलगा (आणि सापडलेल्या बाकीच्या चुका, गमती)

मंजिरी_ना | शनिवार, रात्री ११.१०

"मावशी, थांब! मागे घे! त्या मुलाला आधीच कसं कळलं?"

काल अकरा वर्षांच्या भाच्याला घेऊन हिचकॉकचा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) बघायला बसले होते. मी हा सिनेमा निदान सहा वेळा पाहिला असेल. गोष्ट थोडक्यात सांगते. रॉजर थॉर्नहिल (कॅरी ग्रँट) हा न्यूयॉर्कचा जाहिरातवाला. हेरांची एक टोळी त्याला चुकून 'जॉर्ज कॅपलन' समजते. कॅपलन हा सरकारी गुप्तहेर, पण तो मुळात अस्तित्वातच नाही. शत्रूला झुलवायला सरकारनेच तो उभा केलेला, फक्त कागदावरचा माणूस. मग विमानं, रेल्वे, खून, लिलाव असं करत सगळं प्रकरण माउंट रशमोरवर, डोंगरात कोरलेल्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या दगडी चेहऱ्यांवर जाऊन पोचतं.

तर प्रसंग रशमोरच्या कॅफेटेरियातला. ईव्ह (इव्हा मेरी सेंट), म्हणजे थॉर्नहिलला रेल्वेत भेटलेली नायिका, पर्समधून पिस्तूल काढते आणि थॉर्नहिलवर गोळ्या झाडते. त्या नकली असतात, ते आपल्याला नंतर कळतं. मागच्या टेबलाशी निळ्या शर्टातला एक लहान मुलगा बसलाय. गोळी सुटायच्या आधीच हा पठ्ठ्या दोन्ही कानांत बोटं घालतो! आजूबाजूला सगळे निवांत खातायत, कोणाला कशाची कल्पना नाही, आणि हा मात्र तयारीत.

सहा वेळा पाहून मला तो दिसला नव्हता. मी दर वेळी ईव्हचा चेहरा बघत होते. भाचा त्या मुलाला बघत होता, कारण सबंध हॉटेलात त्याच्या वयाचा तोच होता.

नंतर वाचलं तर ही सिनेमाच्या इतिहासातल्या सगळ्यात नावाजलेल्या चुकांपैकी एक निघाली. मग म्हटलं, धागाच काढावा. या सिनेमात तुम्हाला काय काय सापडलंय? चुका, पडद्यामागच्या गोष्टी, काहीही चालेल. रहस्यभेद होणार, तेव्हा सिनेमा पाहिला नसेल तर आधी बघा आणि मग या.

रानवेडा | शनिवार, रात्री ११.३२

रुमाल टाकून ठेवतो. उद्या सविस्तर लिहितो. तोवर एक: हिचकॉक स्वतः श्रेयनामावली संपता संपता दिसतो. बस पकडायला धावतो आणि दार तोंडावर बंद होतं.

क्लॅप_देणारी | रविवार, सकाळी ९.०५

मंजिरीताई, मी मालिकांमध्ये सहाय्यक दिग्दर्शक आहे, त्यामुळे या मुलाबद्दल पोटतिडकीने लिहितेय.

त्याने आधीच कानात बोटं घातली, याचा सरळ अर्थ त्याने तो आवाज आधी ऐकलाय. रिहर्सलला म्हणा किंवा आधीच्या टेकला म्हणा. ब्लँकचा (नकली काडतुसाचा) आवाज बंद जागेत केवढा येतो, ते सेटवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. छातीत धस्स होतं. एकदा आमच्याकडे लग्नाच्या सीनला फटाक्यांची माळ लावायची होती. पहिला टेक एनजी (नो गुड, म्हणजे वाया) झाला. दुसऱ्या टेकला वात पेटायच्या आधीच करवलीचं काम करणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीने डोळे मिटून आईचा पदर धरला. आम्ही मॉनिटरवर सगळे नवरीकडे बघत होतो. ते पकडलं एडिटरने, आठ दिवसांनी. पोरीला कोण काय बोलणार? तिचं शरीर शहाणं होतं.

मोठे ज्युनियर आर्टिस्ट 'आपल्याला काही माहीत नाही' हे धरून ठेवू शकतात, तोच त्यांचा धंदा. मूल एकदा दचकलं की पुढच्या वेळी स्वतःला जपतंच.

मग हा टेक ठेवला कसा? मला वाटतं, मुख्य कलाकारांचं काम याच टेकला उत्तम झालं असणार. शिवाय त्या काळचे संपादक मूव्हिओला नावाच्या संकलनाच्या यंत्रावर काम करायचे. त्याचा पडदा केवढासा! कोपऱ्यातलं पोर त्यात दिसणं कठीणच. आणि हा सिनेमा व्हिस्टाव्हिजनमध्ये चित्रित झालाय. त्यात फिल्म आडवी चालते, निगेटिव्ह मोठी मिळते, बारीकसारीक तपशील स्वच्छ येतो. म्हणजे संपादकाच्या टेबलावर जो मुलगा दडला, तो आज आपल्या घरच्या मोठ्या टीव्हीवर लख्ख दिसतो. संपादक जॉर्ज टोमासिनी फार मोठा माणूस होता, याच सिनेमाच्या संकलनासाठी त्याला ऑस्करचं नामांकन होतं. त्याच्या हातून हे सुटलं म्हणून मला त्याच्याबद्दल जास्तच जवळीक वाटते.

यवतमाळचा_बापू | रविवार, सकाळी १०.४८

मी शेतकरी आहे, तर विमानाच्या सीनबद्दल लिहितो.

हायवे ४१ वर प्रेअरी स्टॉपला थॉर्नहिल बसमधून उतरतो. चारी बाजूंनी मोकळं रान. रस्त्यापलीकडे एक माणूस बसची वाट बघत उभा आहे. तो लांबच्या विमानाकडे बघून म्हणतो, हे विमान फवारणी करून राहिलंय, पण तिथं तर पीकच नाही. एवढं बोलून तो बसमध्ये चढतो आणि निघून जातो.

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. थॉर्नहिल शहरातला, त्याला विमान दिसलं पण त्यातली चूक नाही दिसली. शेतकऱ्याला आधी पीक दिसतं, मग विमान. आमच्याकडं कपाशीवर फवारा मारायचा तर वारा बघतो, ऊन बघतो, फुलं कुठवर आली ते बघतो. रिकाम्या वावरात पंप पाठीवर घेऊन कोणी फिरताना दिसला, तर आम्हीही थांबून विचारू. मंजिरीताई, तुमच्या धाग्याचा विषय चुका पकडणं आहे ना? या सिनेमात सगळ्यात पहिली चूक त्या माणसानं पकडली.

आता माझ्याकडची गंमत. थॉर्नहिलच्या अंगावर येतं ते विमान आणि शेवटी टँकरवर आदळतं ते विमान, ही दोन वेगळी आहेत. उडणारं आहे नेव्हल एअरक्राफ्ट फॅक्टरीचं एन-थ्री-एन, आणि आदळून पेटतं ते बोइंग स्टियरमन. दोन्ही दोन पंखी, जुनी प्रशिक्षणाची विमानं. लांबून सारखीच वाटतात.

दुसरं, हा सीन बघताना आवाजाकडं लक्ष द्या. विमान टँकरवर आदळेपर्यंत पार्श्वसंगीत नाही. नुसता गाड्यांचा आवाज, वारा आणि इंजिनाची घरघर. बर्नार्ड हरमनसारखा संगीतकार हाताशी असताना त्याला गप्प ठेवलं. विमान पेटलं की मगच वाद्यं सुटतात.

शिकागो_ते_सातारा | रविवार, दुपारी १२.१५

बापू, फार सुंदर लिहिलंत. आता त्याच सीनमधली आमच्याकडची चूक सांगतो.

मी शिकागोत राहतो. इथून दक्षिणेला निघालं की इंडियानात शिरतो, आणि ४१ क्रमांकाचा हमरस्ता खरोखर तिथून जातो. पण सिनेमातला तो तपकिरी, भाजलेला, एकही झाड नसलेला मुलूख इंडियानाचा नाहीच. तो कॅलिफोर्नियातला आहे, कर्न काउंटीत, वास्को आणि डेलानो या गावांच्या जवळ. इथली उन्हाळ्यातली शेतं हिरवीगार असतात. मका पुरुषभर उंच, मध्येच झाडांच्या रांगा, लाल कोठारं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बायकोला म्हटलं, हा चुकीच्या बसमध्ये बसला!

तसंच न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचं. थॉर्नहिलला दारू पाजून गाडीत बसवतात तो प्रसंग ग्लेन कोव्हचा म्हणून दाखवलाय. खाली समुद्र, वर कड्याच्या कडेने वळणावळणाचा रस्ता. लाँग आयलंडला तसले कडे नाहीत. त्याला पकडून नेतात तो बंगला मात्र लाँग आयलंडवरचाच आहे, ओल्ड वेस्टबरी गार्डन्स. तो आजही लोकांना बघता येतो.

ज्या गाडीने थॉर्नहिल न्यूयॉर्कहून शिकागोला येतो ती 'ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड' खरी गाडी होती. १९०२ ते १९६७ धावली. ती शिकागोत लासाल स्ट्रीट स्टेशनला यायची. सिनेमातलं ते जुनं स्टेशन पुढे पाडलं, आज त्या नावाचं स्टेशन आहे पण ती इमारत नाही. थॉर्नहिल लाल टोपीवाल्या हमालाचा वेश घालून निसटतो ना, तो भाग मी थांबवून थांबवून बघतो. या शहराचा एक तुकडा आता तेवढाच उरलाय.

रानवेडा | रविवार, दुपारी १२.४०

शिकागोकर, लोकेशन वेगळं असणं ही चूक कशी? सगळेच सिनेमे हे करतात. वाई-महाबळेश्वरच्या रस्त्यांवर उत्तर प्रदेश उभा केलेला आपण कितीदा पाहिलाय. ती सोय झाली. चूक म्हणजे जे करणाऱ्याच्या नकळत झालं ते.

शिकागो_ते_सातारा | रविवार, दुपारी १.०२

मान्य, पण अर्धवट. जो तिथं राहतो त्याचा विश्वास त्या क्षणी तुटतो. वाईचा घाट उत्तर प्रदेश म्हणून दाखवला तर पंजाबातल्या माणसाला चालेल, मला साताऱ्याच्या माणसाला पसरणी घाट लगेच ओळखू येतो.

मंजिरी_ना | रविवार, दुपारी १.३०

दोघांचंही पटतं. पण या सीनपुरती मी रानवेडाच्या बाजूने. हिरवीगार शेतं आणि झाडं असती तर थॉर्नहिल पहिल्या फटक्यात लपला असता. हिचकॉकला लपायला जागाच नको होती. त्याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखतीत सांगितलंय की एखाद्याला मारायला बोलावलंय म्हटलं की रात्र, दिव्याचा खांब, ओला रस्ता, पळणारं काळं मांजर, हे सगळे ठरलेले प्रकार त्याला टाळायचे होते. म्हणून लख्ख ऊन आणि उघडं माळरान. असं रान जिथं मिळालं तिथं तो गेला. (कुणाला विमानाने मारायचा बेत व्यवहारात अगदीच द्राविडी प्राणायाम आहे, हे मात्र खरं. गाडीतून एक गोळी पुरली असती.)

वत्सलामावशी | रविवार, दुपारी ४.२०

मी हा सिनेमा पुण्यात फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला, लग्नाच्या आधी. तेव्हा थॉर्नहिलच्या आईचं काम करणाऱ्या बाई फार आवडल्या होत्या. लिफ्टमध्ये मुलाच्या जिवावर उठलेली माणसं उभी आहेत आणि ह्या त्यांनाच हसत विचारतात, तुम्ही खरंच माझ्या मुलाला मारायला आलात का? सगळी लिफ्ट हसायला लागते आणि बिचारा थॉर्नहिल मध्ये उभा.

त्यांचं नाव जेसी रॉयस लँडिस. जन्म १८९६ चा. कॅरी ग्रँटचा १९०४ चा. म्हणजे आई मुलापेक्षा जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठी! आपल्याकडे तर याच्याही पुढची गोष्ट आहे. १९५५ च्या 'मुनीमजी'त निरुपा रॉय देव आनंदच्या आई झाल्या होत्या, आणि त्या त्याच्याहून वयाने लहान होत्या. बायकांना फार लवकर म्हातारं करतात, याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं आणि आजही वाटतं.

ईव्ह गाडीत आपलं वय सव्वीस सांगते. इव्हा मेरी सेंट तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या. तिथे वय उतरवलं, इथे चढवलं.

दर्यावर्दी | रविवार, संध्याकाळी ६.११

मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालो, गाव रत्नागिरी. मला या सिनेमाच्या नावातच चूक दिसते.

होकायंत्रावर बत्तीस बिंदू असतात, दर दोन बिंदूंत सव्वाअकरा अंशांचं अंतर. उत्तरेकडून पश्चिमेला वळत गेलं की क्रमाने येतात: नॉर्थ, नॉर्थ बाय वेस्ट, नॉर्थ-नॉर्थवेस्ट, नॉर्थवेस्ट बाय नॉर्थ, नॉर्थवेस्ट. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' अशी दिशाच नाही! कॅडेट असताना हे बत्तीस बिंदू सुलटे-उलटे पाठ म्हणायला लावायचे, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

हॅम्लेटच्या तोंडी 'नॉर्थ-नॉर्थवेस्ट' आहे, वारा त्या दिशेचा असला तरच आपण वेडे असतो असं तो म्हणतो. ती दिशा खरी. सिनेमातली खोटी. आणि शिकागोहून रॅपिड सिटीला (माउंट रशमोरजवळचं शहर) जायचं तर नकाशावर मुख्यतः पश्चिमेला जावं लागतं, उत्तरेला थोडंसंच. ते तिथं जातात नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या विमानाने, म्हणजे 'नॉर्थवेस्टने उत्तरेला' असा अर्थ लावता येतो. मला विचाराल तर जो माणूस अस्तित्वात नाही त्याच्या शोधाच्या सिनेमाला, अस्तित्वात नसलेली दिशा शोभून दिसते.

रानवेडा | रविवार, संध्याकाळी ६.३०

दर्यावर्दीकाका, क्या बात है! सिनेमाचं एक गमतीचं नाव आधी 'द मॅन इन लिंकन्स नोज' असं होतं. हिचकॉकला लिंकनच्या नाकपुडीत नायकाला लपवायचं होतं आणि तिथं त्याला शिंक येणार होती.

ओठ_वाचणारा | रविवार, रात्री ८.०५

मला लहानपणापासून ऐकायला कमी येतं. कानात यंत्र आहे, पण सवय ओठ वाचायचीच. त्यामुळे डबिंग केलेली जागा मला पटकन खटकते.

रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये ईव्ह आणि थॉर्नहिल समोरासमोर बसलेत. ती म्हणते, रिकाम्या पोटी मी प्रेमाची चर्चा करत नाही. ऐकू येणारा शब्द आहे 'डिस्कस'. तिच्या ओठांकडे बघा. त्या जागी ओठ स्पष्ट मिटतात. 'डिस्कस' म्हणताना ओठ कुठेच मिटत नाहीत, स्वतः आरशासमोर म्हणून बघा. 'म' म्हणताना मिटतात. मूळ वाक्यात 'मेक' होतं. सेन्सॉरला ते चाललं नाही म्हणून नंतर आवाज बदलला, चित्र तेच राहिलं. तुम्ही सगळ्यांनी सेन्सॉर केलेलं वाक्य ऐकलंत, मी मूळ वाक्य पाहिलं.

क्लॅप_देणारी | रविवार, रात्री ८.२०

दादा, मी आत्ता आरशासमोर म्हणून आले. अगदी बरोबर! डबिंग स्टुडिओत आम्ही हेच सांभाळतो. प, ब, म आला की ओठ मिटलेच पाहिजेत, त्या जागी दुसरं अक्षर बसवलं की पकडले गेलो. त्यांना 'म'चा दुसरा शब्द मिळाला असता तर कोणालाही कळलं नसतं.

सई_पुणे | रविवार, रात्री ९.१५

धाग्याची वाचनखूण साठवली. संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

तिथं चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही. तरी कॅरी ग्रँट पायऱ्या चढून खऱ्या इमारतीत शिरताना दिसतो. कारण तो शॉट चोरून घेतलाय, समोर उभ्या केलेल्या गालिचे धुणाऱ्या व्हॅनमध्ये कॅमेरा लपवून! हेरांच्या सिनेमासाठी हेरगिरी. आतला सगळा भाग स्टुडिओतला सेट. खून झाल्यावर थॉर्नहिल पळतो तेव्हा एकदम उंचावरून इमारत दिसते आणि तो खाली मुंगीएवढा. तो परिसर रंगवलेलं चित्र आहे.

त्याच प्रसंगात मला खटकतं ते हे. पाठीत सुरा खुपसलेला माणूस अंगावर कोसळतो आणि थॉर्नहिल तो सुरा उपसून हातात धरून उभा राहतो. नेमका तेव्हाच फोटो काढला जातो. इतका चतुर माणूस सुरा कशाला धरेल?

यवतमाळचा_बापू | रविवार, रात्री ९.४०

धरतो ताई. आमच्याकडं बैलगाडीखाली आलेल्या माणसाला सोडवताना एकानं रक्तानं भरलेला विळा उचलून हातात धरला होता, तासभर. का धरला ते त्यालाही सांगता आलं नाही.

डकोटा_पाहून_आलेली | रविवार, रात्री १०.२५

आम्ही दोन वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो होतो, तेव्हा माउंट रशमोर पाहिलं. चार चेहरे: वॉशिंग्टन, जेफरसन, रूझवेल्ट, लिंकन. एकेक चेहरा साठ फुटांच्या आसपास उंच. गटझन बोर्ग्लम यांच्या देखरेखीखाली १९२७ ते १९४१ काम चाललं. सिनेमामुळे माझ्या डोक्यात असं बसलं होतं की वर सपाट रान, त्यात खलनायकाचा तो देखणा लाकूड-दगडाचा बंगला, बाजूला धावपट्टी. तिथं तसलं काहीही नाही! वर नुसते सुळके आणि खडक. बंगला फ्रँक लॉइड राइट या वास्तुरचनाकाराच्या घरांच्या धाटणीवर बेतलेला, काही भाग सेट, काही रंगवलेलं चित्र. मी मुलीला विचारलं, बंगला कुठल्या बाजूला गं? ती माझ्याकडे बघतच राहिली.

चेहऱ्यांवरची मारामारीही तिथली नाही. राष्ट्रीय स्मारकावर हाणामारी नको म्हणून अधिकाऱ्यांनी परवानगी काढून घेतली, मग एमजीएमच्या स्टुडिओत दगडी चेहऱ्यांचे भाग उभारले.

आणखी एक सांगावंसं वाटतं. रशमोर ज्यात आहे ते ब्लॅक हिल्स म्हणजे लकोटा या तिथल्या मूळच्या लोकांचे पवित्र डोंगर. १८६८ च्या तहाने ते त्यांचे होते, सोनं सापडल्यावर काढून घेतले. सिनेमात त्यांची सावलीसुद्धा नाही. याला चुकांच्या यादीत धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी धरते.

मंजिरी_ना | सोमवार, सकाळी ८.५०

डकोटाताई, मीही धरते. एवढा दगड पडदाभर दिसतो आणि तो कोणाचा होता हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

सगळ्यांचं वाचून रात्री भाच्याला फोन केला. त्याचा प्रश्न एकच: तो मुलगा आता कुठे असेल? चित्रीकरण १९५८ चं, म्हणजे मुलगा आज पंचाहत्तरीच्या आसपास असेल. श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. ऑस्करची तीन नामांकनं मिळालेल्या सिनेमात, लोक आजही फ्रेम थांबवून ज्याला शोधतात, तो बिननावाचा.

ओठ_वाचणारा | सोमवार, रात्री ९.३०

मंजिरीताई, तुमचा धागा वाचून तो प्रसंग पुन्हा लावला. आधी यंत्र लावून पाहिला, मग यंत्र काढून ठेवलं आणि पाहिला. यंत्राशिवाय मला गोळीचा आवाज येत नाही. पिस्तुलाला धक्का बसलेला दिसतो, लोक उठलेले दिसतात, बस. त्या हॉटेलात किती मोठा आवाज झाला असेल, याचा मला अंदाज येत नाही.

या वेळी मी ईव्हकडे बघितलंच नाही, त्या निळ्या शर्टाकडे बघत राहिलो. त्याने बोटं कानात घट्ट दाबली, मान खाली घेतली. तेवढ्यावरून मला कळलं की आता फार मोठा आवाज होणार आहे. माझाही हात कानाकडे गेला होता.